बातमी २५ मिनिटांची, प्लॉट २१ लाखांचा

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर पूर्ण वाचा, अर्धवट वाचून कमेंट करू नका.

परवा रविवारी सकाळी मामांचा फोन आला. आवाजात बऱ्याच दिवसांनी उत्साह. म्हणाले, "अरे, हायपरलूप परत येतंय म्हणे. एजंट म्हणतोय, आत्ता प्लॉट काढू नका, थांबा." पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर लिंक आली. उघडली. चांदीच्या रंगाची एक कॅप्सूल नळीतून सुसाट जातेय, मागे डोंगर, वर मोठ्या अक्षरांत ३५० किलोमीटर ३० मिनिटांत. दिल्ली-जयपूर अर्ध्या तासात. खाली चार ओळी. शेवटच्या ओळीत खरी बातमी होती. आयआयटी मद्रासमध्ये ४२२ मीटर लांबीचा चाचणी ट्रॅक तयार झाला आहे. ही फेब्रुवारी २०२५ मधली बातमी, कुणीतरी नवा मथळा लावून पुन्हा सोडलेली.

४२२ मीटर. आमच्या वर्कशॉपपासून चहाच्या टपरीपर्यंतचं अंतर एवढं असेल. पोरांनी काम चांगलं केलंय, त्याबद्दल शंका नाही, कॉलेजच्या आवारात एवढं उभं करणं सोपं नसतं. पण ४२२ मीटरच्या बातमीवर ३५० किलोमीटरचा मथळा कुणी लावला? पोरांनी नाही लावला. मथळा लावणारे वेगळे असतात, आणि आजची पोस्ट त्यांच्याबद्दल आहे.

आधी मामांचं सांगतो, म्हणजे मला एवढा राग का येतो ते कळेल.

मामा पिंपरीतल्या एका कारखान्यातून २०१८ मध्ये व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. हातात पैसे आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुणे-मुंबई हायपरलूपची बातमी आली होती, आठवत असेल सगळ्यांना. जूनमध्ये मामा मावळात प्लॉट बघायला निघाले आणि मला बरोबर घेतलं. एजंटच्या ऑफिसात भिंतीवर बातम्यांची कात्रणं मोठी करून, लॅमिनेट करून लावलेली. पुणे-मुंबई २५ मिनिटांत. तीच चांदीच्या रंगाची कॅप्सूल. एजंटने स्वतः एक शब्द खोटा बोलायची गरजच नव्हती. तो फक्त भिंतीकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "साहेब, मी नाही सांगत, पेपरात आलंय." मामांनी माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? तीच बातमी मी याच वॉलवर शेअर केली होती, "आपलं पुणे!" असं लिहून. साडेतीनशे लाईक आले होते.

मामांनी तीन गुंठे घेतले. २१ लाख. सामाईक सातबारा. आज त्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे हवेत आणि गिऱ्हाईक चौदाच्या वर सरकत नाही. आणि आता हा नवा फॉरवर्ड आला. मामा परत थांबायचं म्हणतायत.

म्हणून म्हटलं, त्या वेळी बातमी नेमकी काय होती ते एकदा नीट मांडू. माझ्यासाठी पण, कारण तेव्हा मीही वाचली नव्हती, नुसती शेअर केली होती.

१८ फेब्रुवारी २०१८. मुंबईत मॅग्नेटिक महाराष्ट्र परिषद. तिथे व्हर्जिन हायपरलूप वन कंपनी आणि राज्य सरकार यांच्यात एक करार झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि व्हर्जिनचे रिचर्ड ब्रॅन्सन एकत्र फोटोत. करार कसला? इरादा करार. म्हणजे असं करायची आमची इच्छा आहे, असा कागद. त्यात काय ठरलं होतं? आधी सहा महिन्यांचा व्यवहार्यता अभ्यास करायचा. तो जमला तर दोन-तीन वर्षांत प्रात्यक्षिकापुरता छोटा ट्रॅक. तो जमला तर पाच ते सात वर्षांत पूर्ण मार्ग. तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या आधी एक "जर".

त्या दिवशी या कंपनीकडे जगात एकूण किती ट्रॅक होता? ५०० मीटर. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात. त्यातून तोपर्यंत किती माणसं गेली होती? शून्य. रिकामी गाडी डिसेंबर २०१७ मध्ये ताशी ३८७ किलोमीटरपर्यंत पळाली होती, हे खरं. पण माणूस एकही बसला नव्हता.

आता सांगा, बातमी काय व्हायला हवी होती? "पाचशे मीटर ट्रॅक असलेल्या, अजून एकही प्रवासी न नेलेल्या कंपनीबरोबर सरकारचा अभ्यास करार." आतल्या पानावर, दोन कॉलम. आणि आली कशी? पहिल्या पानावर, आठ कॉलम, २५ मिनिटांत पुणे-मुंबई. टेकवाल्या वेबसाईट्स आणि यूट्यूबवाल्यांनी तर गाडीच्या सीटचा रंग काय असेल इथपर्यंत सांगून टाकलं.

मी भोसरीत २२ वर्षं वर्कशॉप चालवतोय. आमच्याकडे एन्क्वायरी येते, मग आपण क्वोटेशन देतो, मग सॅम्पल मागतात, सॅम्पल पास झालं तर ट्रायल लॉट, आणि नशीब असेल तर पर्चेस ऑर्डर. त्यानंतर माल जातो, आणि पेमेंट नव्वद दिवसांनी. एन्क्वायरी आली म्हणून कुणी पेढे वाटत नाही. वाटले तर शेजारचा गाळेवाला हसेल. एन्क्वायरीच्या जोरावर कुणी नवीन मशीन घेतलं तर बँकवालासुद्धा "ऑर्डरची कॉपी दाखवा" म्हणतो. सामंजस्य करार, इरादा करार, एमओयू हे सगळं आमच्या भाषेत एन्क्वायरी. आमच्या गाळ्यातल्या हेल्परला जे कळतं, ते एवढ्या मोठमोठ्या न्यूजरूमना कळत नसेल? कळतं. कळून छापतात.

पुढची गंमत बघा. कंपनीच्या पत्रकात लिहिलं होतं की या मार्गावर वर्षाला १५ कोटी प्रवासफेऱ्या होऊ शकतील. हा आकडा सगळीकडे जसाच्या तसा छापला गेला. कुणी कॅलक्युलेटर काढला का? मी परवा काढला, सात वर्षं उशिरा.

१५ कोटी भागिले ३६५, म्हणजे दिवसाला सुमारे ४ लाख ११ हजार. दिवसाचे १८ तास सेवा धरली तर तासाला साधारण २२,८०० माणसं. कंपनीच्या पॉडमध्ये बसणार २८ जण. म्हणजे तासाला ८१५ पॉड, एका दिशेने ४०८ च्या आसपास. दर नऊ सेकंदांना एक पॉड. सुटला, नऊ सेकंद, दुसरा सुटला, नऊ सेकंद, तिसरा. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत. सगळे पॉड भरलेले.

आता वेग. २०१९ च्या जुलैअखेर राज्य मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला सार्वजनिक पायाभूत प्रकल्प म्हणून मान्यता दिली. खर्च ७० हजार कोटी. वांद्रे-कुर्ला संकुल ते वाकड, ११७.५ किलोमीटर, २३ मिनिटांत. यात पहिल्या टप्प्यात ११.८ किलोमीटरचा ट्रॅक, ५ हजार कोटींचा. भागाकार करा. ११७.५ किलोमीटर २३ मिनिटांत म्हणजे सरासरी ताशी ३०६ किलोमीटर. बातम्यांमध्ये मात्र सगळीकडे ताशी हजार, विमानापेक्षा वेगवान. एकाच बातमीत दोन आकडे, एकमेकांशी पटत नाहीत, आणि संपादकाच्या लक्षात येत नाही? जपानमध्ये, चीनमध्ये, फ्रान्समध्ये साध्या रुळांवरच्या गाड्या ताशी ३०० ला रोज धावतात. मग निर्वात नळीची भानगड कशाला, हा प्रश्न पाचवीतल्या पोरालाही पडेल. छापणाऱ्याला पडला नाही.

अजून एक. ताशी ३०० च्या वेगाने नऊ सेकंदांचं अंतर म्हणजे पाऊण किलोमीटर. या वेगातली गाडी आतली माणसं न सांडता थांबवायची तर साडेतीन किलोमीटरच्या आसपास लागतात. पुढच्या पॉडला काही झालं तर मागचा पाऊण किलोमीटरवर. कंपनीचं यावर उत्तर होतं की पॉड एकमेकांशी संपर्कात राहून ताफ्याने धावतील. ठीक आहे, असेल तसं. पण हे जगात कुठे करून दाखवलं होतं का? नव्हतं. हा प्रश्न त्या दिवशी पत्रकार परिषदेत कुणीतरी विचारायला हवा होता. रेल्वेच्या सिग्नल खात्यातल्या कुठल्याही रिटायर्ड माणसाला फोन केला असता तरी त्याने हा प्रश्न सुचवला असता. एक फोन. तेवढाही झाला नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्यांनीच डोळे मिटले नव्हते. काही वार्ताहरांनी, काही वाहतूक अभ्यासकांनी तेव्हाच शंका काढल्या होत्या. पण शंकेची बातमी आतल्या पानावर आणि कॅप्सूलचं चित्र पहिल्या पानावर. एजंटच्या भिंतीवर पहिलं पान लागतं.

जानेवारी २०२० मध्ये सरकार बदलल्यावर उपमुख्यमंत्री अजित पवारांनी साधारण असं सांगितलं की हे जगात आधी कुठेतरी होऊ द्या, मग आपण बघू. कुठल्याही पक्षाचे असा, हे वाक्य व्यवहाराचं होतं. पण तेव्हा काय झालं? आमच्याच ग्रुपवर "विकासाला विरोध" म्हणून तलवारी निघाल्या. कारण दोन वर्षं आपल्याला सांगितलं गेलं होतं की ही गोष्ट झालेलीच आहे, फक्त बांधायची बाकी आहे.

मग नोव्हेंबर २०२०. पहिल्यांदा माणसं बसली. दोन. दोघेही कंपनीचेच. ५०० मीटर, पंधरा सेकंद, सर्वाधिक वेग ताशी १७२. त्यानंतरच्या फेरीत आपल्या पुण्याचा एक इंजिनिअर बसला, त्याचं कौतुक आहेच, मलाही अभिमान वाटला. पण बातम्या कशा होत्या? इतिहास घडला. वाहतुकीचं भविष्य आलं. अरे, ताशी १७२! डिसेंबर २०१८ मध्ये चेन्नईत बनलेली आपली ट्रेन १८, जिला पुढे वंदे भारत म्हणायला लागले, तिने कोटा विभागातल्या चाचणीत साध्या रुळांवर ताशी १८० ओलांडले होते. सोळा डब्यांची अख्खी गाडी. ही दोन माहित्या शेजारी शेजारी ठेवून कुणी बातमी केली? माझ्या तरी वाचनात आली नाही.

आणि शेवट. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने १११ लोकांना काढलं आणि प्रवासी सोडून फक्त मालवाहतुकीचं बघू असं ठरवलं. पुढे व्हर्जिनने आपलं नाव काढून घेतलं. २०२३ च्या अखेरीस कंपनीच बंद झाली. त्या बातमीसाठी किती कॉलम मिळाले? मी माझ्या ओळखीतल्या दहा जणांना विचारलं, हायपरलूपची ती कंपनी बंद पडली हे माहीत आहे का. सात जणांना माहीत नव्हतं. मामांना नव्हतं. एजंटला असेल, पण त्याच्या भिंतीवर अजून २०१८ च आहे.

हे एकाच कंपनीचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण आपल्याला ही सवयच लागली आहे.

ऑगस्ट २०१५ आठवा. फॉक्सकॉन महाराष्ट्रात ५ अब्ज डॉलर गुंतवणार, ५० हजार नोकऱ्या. सामंजस्य करार झाला, फोटो आले, मथळे आले. आमच्या एमआयडीसीत तेव्हा लोक "फॉक्सकॉनला काय काय पार्ट लागतील" याची यादी करत होते, मीही त्यात होतो. जानेवारी २०२० मध्ये उद्योगमंत्री सुभाष देसाईंनी सांगून टाकलं, तो प्रकल्प येत नाही.

मग सप्टेंबर २०२२, वेदांता-फॉक्सकॉन. १ लाख ५४ हजार कोटी. तळेगावला येणार म्हणून चर्चा होती, गुजरातला जाणार असं जाहीर झालं. काय भांडलो आपण! मोर्चे झाले, भाऊबंदकी झाली, ग्रुप सोडून गेले लोक. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. म्हणजे ज्या ताटासाठी आपण भांडलो त्यात वाढलेलं काहीच नव्हतं. गुजरातलाही तो कारखाना मिळाला नाही आणि आपल्यालाही नाही. भांडण मात्र खरं झालं.

कुणी म्हणेल आपल्याकडेच असं. नाही हो. त्याच फॉक्सकॉनने अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात २०१७ मध्ये १० अब्ज डॉलर आणि १३ हजार नोकऱ्या जाहीर केल्या. भूमिपूजनाला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प स्वतः फावडं घेऊन आले, जगातलं आठवं आश्चर्य म्हणाले. प्रकल्पासाठी लोकांची घरं गेली. २०२१ मध्ये नवा करार झाला तेव्हा आकडा होता ६७ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्या. घरं गेली ती गेलीच.

आणि टेक ब्लॉगवाल्यांची घाई काय करते त्याचा जुना नमुना. मे २००७. आयफोन बाजारात यायचा होता. एनगॅजेट या नावाजलेल्या ब्लॉगला अॅपलमधली म्हणून एक ईमेल मिळाली, आयफोन लांबला अशी. त्यांनी छापून टाकली. ईमेल बनावट होती. काही मिनिटांत अॅपलच्या शेअर्सचं मूल्य सुमारे ४ अब्ज डॉलरने खाली आलं. नंतर खुलासा आला, शेअर सावरला. पण त्या काही मिनिटांत घाबरून ज्याने विकले त्याचं काय? खुलासा त्याचे पैसे परत देत नाही.

आपल्याकडचं २५१ रुपयांचं स्मार्टफोन प्रकरण तर ताजंच वाटतं. फेब्रुवारी २०१६. फ्रीडम २५१. टीव्हीवर दिवसभर तेच. पत्रकारांच्या हातात जे नमुन्याचे फोन दिले त्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाईटनरने झाकलेलं होतं. व्हाईटनरने! ते खरवडून बघणारे काही पत्रकार होते, त्यांना सलाम. पण तोपर्यंत बुकिंगसाठी एवढी झुंबड उडाली की वेबसाईटच बसली.

आता हे होतं कसं, ते सांगतो. मी पत्रकार नाही, पण दोन-तीन मित्र त्या धंद्यात आहेत आणि ते खासगीत मोकळेपणाने बोलतात.

कंपनीकडून प्रेस नोट येते. सोबत चित्रं, तीही कॉम्प्युटरवर बनवलेली. चित्र फुकट, मजकूर तयार. ऑफिसात एका पोराला दिवसाला दहा-पंधरा बातम्या टाकायच्या असतात. तो नोट घेतो, पहिलं वाक्य बदलतो, मथळ्यात सगळ्यात मोठा आकडा चढवतो आणि टाकतो. दहा मिनिटांत दुसऱ्या साईटवर तीच, कारण "त्यांनी टाकली, आपण का नाही?" संध्याकाळपर्यंत पन्नास ठिकाणी. आणि वाचणाऱ्याला वाटतं पन्नास जणांनी तपासली. प्रत्यक्षात एकाच पत्रकाच्या पन्नास झेरॉक्स.

त्यात भाषेची करामत. "होऊ शकेल" चं "होणार" होतं. "कंपनीचा दावा" मधला "दावा" मथळ्यातून गळतो, कारण जागा कमी. "चाचणी" चा "इतिहास" होतो. "अभ्यास करार" मधला "अभ्यास" उडतो. एकेक शब्द गळत जातो. खोटं कुणीच लिहिलेलं नसतं, तरी वाचणारा खोटं समजून बसतो. म्हणून तर कुणावर केस होत नाही.

मला माहीत आहे, त्या पोराला पगार किती मिळतो. त्याच्यावर राग नाही माझा. राग आहे तो त्याच्याकडून पंधरा बातम्या मागणाऱ्यावर आणि ज्याने प्रकल्प बंद पडल्याची बातमी "आता कोण वाचणार" म्हणून खाली ढकलली त्याच्यावर. सुरुवातीचा ढोल तुम्ही वाजवलात ना? मग मयतीलाही या.

आता नेहमीचे दोन आक्षेप. माहीत आहे, कमेंटमध्ये येणारच आहेत.

पहिला, "मग काय नवीन काही करायचंच नाही का? रेल्वे आली तेव्हाही लोक हसले होते." करा की! रेल्वेचं म्हणाल तर १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी खरंच गेली, माणसं बसली, खरंच उतरली. माझा आक्षेप संशोधनाला नाहीच. आयआयटीच्या पोरांनी ४२२ चे ४ किलोमीटर करावेत, माझ्या टॅक्सचे पैसे त्यात गेले तरी चालेल. मला आक्षेप आहे तो चार किलोमीटर व्हायच्या आधी साडेतीनशे छापायला. उलट अशा मथळ्यांनी संशोधनाचंच नुकसान होतं. उद्या खरंच काही जमलं तर लोक म्हणतील, "हे तर २०१८ पासून ऐकतोय."

दुसरा, "लोकांनी अक्कल वापरावी, मीडियाला काय दोष?" अक्कल वापरायची तर माहिती लागते. मामा ३४ वर्षं कारखान्यात होते, मायक्रोमीटरवर शंभरावा भाग वाचणारा माणूस. मूर्ख नाहीत. पण त्यांच्या पिढीने पेपरात आलेलं वाक्य तपासलेलं असतं असं धरून चालायचं शिकलंय. तो विश्वास पेपरांनी शंभर-दीडशे वर्षांत कमावला आणि आता कॅप्सूलच्या चित्रापायी खर्च करतायत.

आणि या सगळ्यात खरी कामं दिसत नाहीत. पुणे-लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी किती वर्षं चालू आहे? रोज देहूरोड, वडगाव, कामशेतहून लोकलने येणाऱ्या माणसाला त्याने फरक पडणार आहे. त्याचं चित्र कुणी काढत नाही, कारण त्यात चमकणारं काही नाही. घाटात मिसिंग लिंकचे बोगदे खोदणारे मजूर वर्षानुवर्षं डोंगराच्या पोटात काम करत होते, तेव्हा आपण नळीतून उडणाऱ्या कॅप्सूलवर वाद घालत होतो. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते. आजही तिला तीन तासांच्या वर लागतात. यावर मथळा करा ना. का लागतात, कुठे थांबते, काय केलं तर अर्धा तास वाचेल. तेवढं शोधायला कल्याण-कर्जतपर्यंत जाऊन यावं लागेल, प्रेस नोट पुरणार नाही.

आता आपलं, म्हणजे वाचणाऱ्यांचं. मीही त्यात आलो. साडेतीनशे लाईक मी घेतले होते. म्हणून मी स्वतःपुरते चार प्रश्न ठरवलेत. कंपनीची कुठलीही बातमी पुढे ढकलायच्या आधी विचारायचे.

एक, हा कागद कसला आहे? एन्क्वायरी की ऑर्डर? करार मोडला तर कुणाला दंड बसतो? कुणालाच बसत नसेल तर ती एन्क्वायरी.

दोन, ही गोष्ट आज जगात कुठे चालू आहे? तिकीट काढून बसता येतं का?

तीन, चित्र फोटो आहे की बनवलेलं? बनवलेलं असेल तर वस्तू अजून नाही.

चार, यातला आकडा कुणी दिला? ज्याला माल विकायचाय त्यानेच दिला असेल तर एकदा भागाकार करून बघायचा. मोबाईलमध्ये कॅलक्युलेटर आहे सगळ्यांच्या.

आणि पेपर, पोर्टल, चॅनल चालवणाऱ्यांकडे एकच मागणी. ज्या कंपनीची घोषणा पहिल्या पानावर छापलीत, तिचं दरवर्षी त्याच तारखेला काय झालं ते तेवढ्याच जागेत छापा. १८ फेब्रुवारीला एक चौकोन टाका, किती किलोमीटर झाले, किती पैसे आले, किती माणसं कामाला लागली. शून्य असेल तर शून्य छापा. आम्ही वाचू.

रविवारी संध्याकाळी मी मामांकडे गेलो. वहीत हे सगळे आकडे लिहून नेले होते. त्यांनी चष्मा लावला, नऊ सेकंदांचा हिशोब स्वतः पुन्हा करून बघितला, बरोबर आला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तेव्हा कुणी छापलं असतं तर?" मी काय सांगणार? म्हटलं, "मामा, मी तरी करायला हवं होतं. तुमच्या शेजारी बसलो होतो." मामी आतून म्हणाल्या, "चहा घे आधी."

सोमवारी सकाळी चौदा लाखवाल्या गिऱ्हाईकाला मामांनी स्वतः फोन लावला. सव्वाचौदाला बोलणी चालू आहेत.

२०१८ ची ती माझी पोस्ट मी काढलेली नाही. खाली कमेंटमध्ये लिंक टाकतोय. वाचा, हसा, शिव्या घाला. पण तुमच्याही वॉलवर अशी एखादी असेल, ती शोधून तिच्याखाली पुढे काय झालं ते लिहा. पेपर लिहीत नाहीत तोवर आपण लिहू.